घरी वाइन टेस्टिंग ठेवलंय आणि वाइन बनवणाराच येतोय, खायला काय करू?

मीनल_कर्वेनगर:

नमस्कार मंडळी, थोडी लांबण लावतेय, सांभाळून घ्या.

आखाड संपायच्या आधीच्या शनिवारी आमच्याकडे दहा जण जमतोय. गटारी नाही हो, आधीच सांगून ठेवते (साबांनाही, म्हणजे सासूबाईंनाही, हेच सांगितलंय, त्यांचा विश्वास बसलेला नाही ते सोडा). झालंय असं की नवऱ्याचा राहुरीच्या कृषी विद्यापीठातला हॉस्टेलचा मित्र गेली बरीच वर्षं नाशिकजवळ दिंडोरीकडे एका वायनरीत वाइनमेकर आहे आणि तो त्या आठवड्यात पुण्यात आहे, तर नवरा फोनवर एकदम उदार होऊन म्हणाला की ये घरी, सगळ्यांना बोलावतो, तू आम्हाला वाइन शिकव. आणि मग फोन ठेवून माझ्याकडे बघून, "खायला काहीतरी करशील ना साधंसं?"

साधंसं!!

माझा वाइनचा अनुभव म्हणजे गेल्या वर्षी एका ओळखीच्यांकडे वाइन-चीजचा कार्यक्रम होता तेवढाच. भर मे महिना, रेड वाइनची बाटली फ्रिजमध्ये नव्हे तर फ्रिजच्या वर ठेवलेली, चीजचे चौकोन टूथपिकला टोचलेले आणि मध्ये कोणीतरी हौसेने हिरव्या मिरचीचा ठेचा आणि भाकरीचे तुकडे ठेवलेले. ठेच्यावर ती कोमट वाइन प्यायले आणि कान गरम झाले अक्षरशः, आणि वर यजमान विचारतायत की चॉकलेट जाणवतंय का. मला पडसं झाल्यावर आई द्यायची तो काढा जाणवत होता. पण सगळे माना डोलावत होते म्हणून मीही डोलावली.

तर ते मला माझ्या घरी नकोय. दहातले दोघं पीत नाहीत, तिघं पक्के शाकाहारी, साबा घरात असणार (त्या पीत नाहीत पण बसणार आहेत, टीव्ही हॉलमध्ये आहे). माझा हात आपल्या स्वयंपाकावर बसलेला आहे, ते ऑलिव्ह बिलिव्ह मला जमत नाही. आपल्या खाण्याबरोबर वाइन चालते का मुळात? बाटल्या किती आणायच्या? ग्लास वेगळे लागतात का? आणि वाइनमेकरशी माणूस बोलतं काय?

---

पेठेतला_बंड्या:

हलवाई तुमच्याकडे पेढे खायला येतो का? नाही ना. तसंच हा माणूस वाइन प्यायला येत नाहीये, घरचं जेवायला येतोय. पोळ्या मऊ करा, अर्धी लढाई जिंकलात.

बाकी एक महत्त्वाचं, कोणी सांगणार नाही म्हणून सांगतो. टेस्टिंग करणारी माणसं वाइन तोंडात घोळवून थुंकतात. हसू नका, कामाच्या दिवशी तीस-चाळीस नमुने चाखायचे तर गिळून कसं भागेल. तर थुंकायला काहीतरी भांडं लागतं. वाड्यातून फ्लॅटमध्ये आलेल्या घरात माळ्यावर आजेसासऱ्यांची पितळी तस्त असतेच, ती काढा. साबांना सांगा की परंपरा जपतोय.

---

आंबटगोड:

मीनल, अगं चालते म्हणजे काय, छान चालते, फक्त आपण उलट्या बाजूने सुरुवात करतो. वाइन म्हटलं की आधी रेड आणतो आणि आपलं जेवण तिखट, तिथेच वाजतात बारा. रेडमध्ये जे असतं ना, जीभ ओढल्यासारखं होतं, दातांवरून जीभ फिरवली की खरखरीत लागतं, त्याला आपल्याकडे सरळ शब्द आहे, तुरट. जांभूळ खाल्ल्यावर होतं तेच. हा तुरटपणा आणि मिरची एकत्र आले की दोघंही भडकतात, त्यात अल्कोहोल तिखटाला आणखी हवा देतं. तुझे कान गरम झाले ते त्यामुळे, तुझं काही चुकलं नव्हतं.

तिखटाला हवं थोडं गोड, थंड आणि हलकं. आपल्याकडे शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन बऱ्याचदा किंचित गोडसर करतात, ती घे. माझ्याकडे गेल्या दिवाळीनंतर उरलेली बाकरवडी होती, तिच्याबरोबर शेनिन घेतली आणि मी आणि बहीण दोघींनी डबा संपवला, कारण बाकरवडीत तिखट-गोड-आंबट तिन्ही आहे आणि वाइनमध्येही आंबट-गोड आहे, कोणी कोणाला दाबत नाही. अळूवडीलाही तीच, चिंच-गूळ असतो म्हणून.

सोव्हिन्यों ब्लाँ (उच्चाराचं टेन्शन घेऊ नकोस, दुकानदारही सॉविग्नॉन म्हणतो) ही दुसरी पांढरी, हिरव्या वासाची असते, ढोबळी मिरची चिरताना येतो ना तसा वास, कधी पेरूसारखा. ती कोथिंबीर, लिंबू, ओलं खोबरं याच्याबरोबर. सुरळीची वडी करत असशील तर डोळे झाकून ही. मासे खाणाऱ्यांना हिरव्या वाटणातलं पापलेट.

आणि अगं आखाड आहे, तळण तर घरात होणारच! तळणीला फेसाळती वाइन. तेलकट तोंड एका घोटात स्वच्छ होतं, कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा काहीही चालेल. फक्त मिरची हात राखून, बुडबुड्यांनी तिखट जास्त झोंबतं. (तिला शॅम्पेन म्हणू नकोस त्याच्यासमोर, शॅम्पेन फक्त फ्रान्समधल्या त्या भागातली.)

रेड हवीच तर शिराझ. तिला काळ्या मिरीसारखा वास असतो, म्हणून काळ्या मसाल्याच्या सुक्या मटणाबरोबर जमते, मटणाने तुरटपणा मऊ पडतो. शाकाहाऱ्यांना वांग्याचं भरीत, पण गॅसवर चांगलं काळं होईपर्यंत भाजलेलं, तो धुराचा वास हवा. दोन्हीत लाल तिखट कमी, मसाला जास्त.

लोणचं, ठेचा, व्हिनेगरचा कांदा त्या दिवशी कपाटात.

गोडाचा एकच नियम लक्षात ठेव, वाइन पदार्थापेक्षा गोड पाहिजे, नाहीतर वाइन आंबटढाण लागते. म्हणजे श्रीखंड अजिबात नाही. लेट हार्वेस्ट म्हणून गोड वाइन मिळते, वेलीवर जास्त पिकू दिलेल्या द्राक्षांची, तिच्याबरोबर आखाडातल्या कापण्या करून बघ. गूळ, खसखस आणि खुसखुशीतपणा. मी अजून केलेलं नाही, पण मनातल्या मनात चव लावून बघितलीय आणि जमतंय.

---

कोरडा_शेरा:

मिसळीच्या कटावर वाढलेल्या जिभा आपल्या. त्यांना वाइनमधलं काय कळणार? ढोबळी मिरची म्हणे, पेरू म्हणे. हे सगळं परदेशी पुस्तकातलं पाठांतर आहे, चहा करा आणि भजी खा.

---

आंबटगोड:

अहो शेरा, ढोबळी मिरचीच्या वासाचं तर कारणही माहीत आहे, तो वास देणारं द्रव्य दोन्हीकडे एकाच जातीचं असतं. आणि जिभेचं म्हणाल तर आपल्याकडे सहा रस मोजतात, तुरट आणि तिखट वेगळे धरतात. आंबा नुसता हुंगून रायवळ की हापूस सांगणारी माणसं आपल्या घरात आहेत. त्यांना ब्लॅककरंट जाणवतंय का विचारलं तर कसं जाणवेल, आयुष्यात खाल्लंय का? करवंद विचारा, लगेच हो म्हणतील.

भजी मात्र करा, त्याला माझा पाठिंबा आहे.

---

हिशोबनीस:

बाटलीचा हिशोब कोणी दिला नाही अजून म्हणून देतो. बाटली ७५० मिली. चाखायला माणशी ६० मिली पुरे, म्हणजे एका बाटलीत १२ जणांचं होतं. तुम्ही पिणारे आठच, त्यामुळे पाच प्रकारांची एकेक बाटली बास, माणशी ३०० मिली होतात, म्हणजे साधारण दोन ग्लास. नंतर जेवताना जी आवडली तिच्या दोन जास्तीच्या. आपल्याकडे लोक आठ जणांत बारा बाटल्या आणतात आणि मग तिसऱ्यानंतर कोणाला काही चव लागत नाही. क्रम फेसाळती, पांढरी, मग रेड, शेवटी गोड. येताना सगळ्यांना रिक्षा किंवा कॅबने यायला सांगा, हे आधीच सांगावं लागतं, निघताना सांगून कोणी ऐकत नाही. आणि आषाढी एकादशीला ड्राय डे असतो, तुमचा शनिवार त्याच्या नंतरचा आहे पण बाटल्या आणायचा दिवस तोच धराल म्हणून बोललो.

थंडपणा: पांढरी ८ ते १० डिग्री, रेड १६ ते १८. रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी म्हणतात ती रूम युरोपातली, आपली नव्हे. म्हणून पांढरी फ्रिजमधून पंधरा मिनिटं आधी बाहेर आणि रेड अर्धा तास आधी आत. लाइट गेली तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर जाडं मीठ, वीसेक मिनिटांत बाटली गार. नुसत्या बर्फाने होत नाही, पाणी पाहिजेच.

दुकानात काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नका, आतली मागा. लेबलवर साल बघा, साधी पांढरी असेल तर एक-दोन वर्षांच्या आतली.

ग्लास सगळे एकसारखे आणि पारदर्शक असले की झालं, वरून थोडे निमुळते. पण भांड्याच्या साबणाचा लिंबाचा वास राहतो त्यांना, गरम पाण्याने दोनदा विसळा आणि वास घेऊन बघा. त्या संध्याकाळी उदबत्ती नको, गजरा नको, आणि हिंगाची फोडणी लोक यायच्या तासभर आधी उरका. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे.

---

नारायणगावकर:

ताई, बाकीच्यांनी खाण्याचं सांगितलंय, मी बोलायचं काय ते सांगतो. आमची बाग आहे, पण खायच्या द्राक्षांची, त्यामुळे वाइनवाल्यांकडे आम्ही जरा तिरक्या नजरेने बघतो. तरी सांगतो की त्याला "कुठली वाइन बेस्ट" हे विचारू नका, दिवसातून दहा वेळा विचारत असतील. छाटणीचं विचारा, माणूस खुलेल.

युरोपात थंडीत वेल झोपते, वर्षाला एकच छाटणी. आपली वेल झोपतच नाही, म्हणून आपण दोनदा छाटतो, एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, फळ धरायचं ते या दुसऱ्या छाटणीवर. माल निघतो जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणून तो जुलैत तुमच्याकडे निवांत येतोय, फेब्रुवारीत बोलावलं असतं तर फोनही उचलला नसता.

आम्ही खायच्या द्राक्षाला जीएमध्ये, म्हणजे वाढीच्या संजीवकात, बुडवून मणी फुगवतो, लांब करतो, बी नको, साल पातळ पाहिजे. वाइनला सगळं उलटं, मणी बारीक, साल जाड, आत बिया. कारण रंग आणि तो तुरटपणा सालीत. रेड करताना सालीसकट आंबवतात, पांढरीला आधी रस काढून घेतात. आमचा माल १८ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) आसपास गेला की आम्ही खूश, त्यांना २२-२४ लागते, कारण ती साखर खाऊन यीस्ट अल्कोहोल करतं. २४ ब्रिक्सच्या रसाचं साधारण १३ टक्के अल्कोहोल होतं. एका बाटलीला एक-सव्वा किलो द्राक्ष जातं. खुडणी रात्री करता का पहाटे विचारा, उन्हात खुडलेला माल वायनरीत पोचेपर्यंत गरम होतो आणि वास उडून जातो. आणि ऐन मालाच्या वेळी अवकाळी आला की काय करता हे विचारा, पण हे दुसऱ्या ग्लासनंतर, मन मोकळं होईल त्याचं.

आणि नाशिक नाशिक करतात सगळे, ठीक आहे, तिथल्या सुला वायनरीची पहिली वाइन २००० साली आली आणि मग तिकडे रांगच लागली. पण त्याच्या आधी ८० च्या दशकात आमच्या नारायणगावला श्यामराव चौगुल्यांनी शॅम्पेनच्या पद्धतीने फेसाळती वाइन काढली होती, ओमर खय्याम नावाने परदेशात जायची. पुणे जिल्हा आहे हा. आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तुमच्या पुण्याजवळच्या मांजरी गावात आहे, १९९७ पासून. त्याला सांगा, दिंडोरीकर गप्प बसेल.

---

मीनल_कर्वेनगर:

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी, नवऱ्याला वाचायला लावलंय. मटण, भरीत, सुरळीच्या वड्या, कोथिंबीर वडी, कापण्या हे नक्की. तस्त खरंच निघाली माळ्यावरून, हिरवी पडलीय. कार्यक्रम झाला की येऊन सांगते.

---

पेठेतला_बंड्या:

सांगते म्हणून गेलेले लोक या जगात परत येत नाहीत.

---

मीनल_कर्वेनगर:

आले हो बंड्या!

झाला कार्यक्रम, अजून घरात बाटल्या आणि पाऊस दोन्ही आहे. सुरुवातच लाइट जाण्याने झाली, साडेसहाला गेली ती पावणेआठला आली, हिशोबनीसकाका तुमची बादली-मीठ आयडिया नसती तर फेसाळती वाइन डोक्यावर घ्यायची वेळ होती. मेणबत्तीत रंग काही दिसले नाहीत कोणाला, पण कोथिंबीर वडी आणि ती वाइन, अहाहा, दोन ताटं फस्त झाली आणि मी आत तळतच राहिले. सुरळीची वडी मस्त. बाकरवडी ठेवली होती तिच्याभोवती इतकी गर्दी की मला एकच मिळाली. मटण-शिराझ लोकांना आवडलं पण मला स्वतःला भरीत जास्त जमलेलं वाटलं, मटणात शेवटी सवयीने लाल तिखट पडलंच माझ्या हातून आणि ते कळत होतं.

तो माणूस अगदी साधा निघाला, पायजमा-झब्बा घालून आला. कोणीतरी पहिल्याच घोटाला "फ्रुटी आहे" म्हणालं तर म्हणाला फळाचीच केलीय, कुठलं फळ ते सांगा. मग एकेक जण बोलायला लागले, पेरू, पपनस, एकाने चक्क कच्ची कैरी कापलेली विळी म्हटलं आणि तो म्हणाला बरोबर. छाटणीचं विचारल्यावर खरंच खुलला, नारायणगावकर, चाळीस मिनिटं! ओमर खय्यामचं काढल्यावर म्हणाला की बी.एस्सी.ला असताना आम्ही त्याच गोष्टी ऐकून या लायनीत आलो. अवकाळीचं मी विचारलं नाही, तोच बोलला, एक वर्ष खुडणीच्या दोन दिवस आधी गारा झाल्या आणि अख्ख्या प्लॉटची वाट लागली, ते सांगताना हातातला ग्लास गोल फिरवत होता आणि पीत नव्हता.

पण खरी गंमत पुढेच. त्याने स्वतःबरोबर एक जुनी रेड आणली होती, बुचाची, पाच-सहा वर्षं जपून ठेवलेली, नवऱ्यासाठी खास. त्याचं लक्ष गप्पांत, उघडली आणि न हुंगताच सगळ्यांना ओतली. आम्ही सगळ्यांनी वास घेतला, चव घेतली, आणि परत तेच, माना डोलावल्या. कोणी वा म्हटलं, कोणी "हेवी आहे ना" म्हटलं. साबा सोफ्यावर बसलेल्या, नवऱ्याचा ग्लास त्यांच्या शेजारच्या टीपॉयवर होता. त्यांनी नाक मुरडलं आणि म्हणाल्या, "काय रे, माळ्यावरच्या भिजलेल्या रद्दीसारखा वास येतोय याला. पावसाचं पाणी गेलं होतं ना त्या खोक्यात, तसा."

नवरा आई गं म्हणून कपाळाला हात लावतोय तोवर त्या मित्राने आपला ग्लास उचलला, नाक आत घातलं, परत घातलं, आणि त्याचा चेहराच उतरला. म्हणाला काकू शंभर टक्के बरोबर आहेत, बूच खराब निघालंय. बुचातनं एक द्रव्य वाइनमध्ये उतरतं आणि असा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, अपाय काही नसतो पण वाइन मेली. म्हणूनच बऱ्याच वायनऱ्या फिरकीची झाकणं लावतात म्हणे. सगळ्यांचे ग्लास गोळा करून तस्तीत ओतले त्याने, सहा वर्षं जपलेले. आणि मी मनात म्हटलं, म्हणजे गेल्या वर्षीही मी नुसती मान डोलावली नसती तर चाललं असतं की.

त्यानंतर साबांची बढती झाली. प्रत्येक बाटली आधी त्यांच्या नाकाखाली. शेनिनला म्हणाल्या पिकलेल्या केळ्याचं साल, शिराझला म्हणाल्या मिऱ्याची पूड आणि शिवाय कातडी चपलेचं दुकान, त्यावर तो खुर्चीतून उठलाच, म्हणाला हे लाकडाच्या पिंपात ठेवल्याने आलंय. लेट हार्वेस्टला म्हणाल्या, "ही बरी आहे, काकवी." आणि कापण्या पुढे सरकवल्या. आंबटगोड, तुमची मनातली चव बरोबर होती. पण मी गूळ नेहमीपेक्षा थोडा कमी घातला होता हे नोंदवून ठेवा.

टीव्ही लागलाच नाही त्या दिवशी.

---

आंबटगोड:

कातडी चपलेचं दुकान!! साबांना माझा साष्टांग नमस्कार सांग. त्यांनी चाखली का पण?

---

मीनल_कर्वेनगर:

नाही. एकादशी सोडून कधीही विचार म्हणाल्या, म्हणजे पुढच्या वेळी विचारायला हरकत नाही असं मी धरलंय.

---

कोरडा_शेरा:

भजी केली होती का?

---

मीनल_कर्वेनगर:

कांदाभजी, साबांनी, रात्री साडेअकराला. त्याबरोबर सगळ्यांनी चहा घेतला, वाइनवाल्याने दोन कप.

---

पेठेतला_बंड्या:

परत आलात, शब्द मागे घेतो. एकच राहिलं. तस्त कोणी घासली?

---

मीनल_कर्वेनगर:

नवऱ्याने. चिंच लावून.